बाकी खुशाल

अमोलचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात बसून सामन्यांच्या दिवसांचं बसचं वेळापत्रक जुळवत होते. 'बाबा सकाळी गेले. अंगणात, आईच्या समोर.' एवढंच लिहिलं होतं. अमोल म्हणजे किसन घाडग्यांचा मुलगा. तो पुण्याला नोकरी करतो, मी त्याला कधी भेटलेले नाही. मेसेज वाचून माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की, चला, काकांच्या मनासारखं झालं. ते 'आईच्या समोर' मी दोनदा वाचलं. रडू आलं ते नंतर, कँटीनमध्ये चहा घ्यायला गेले तेव्हा, आणि तेही अशा जोरात आलं की चहावाला मल्याळी पोरगा घाबरून पाणी घेऊन आला. त्याला काय सांगणार? आमचे एक जुने ड्रायव्हर गेले, म्हटलं. 'फौजी?' त्याने विचारलं. मी मान हलवली. तोही मग तिथेच उभा राहिला... या गोष्टीला आता काही आठवडे झाले. फुटबॉलच्या विश्वचषकाची स्पर्धा तोंडावर आली आहे, दोह्यात जिकडेतिकडे झेंडे लागलेत, आणि ज्या रस्त्यांवरून काकांनी वर्षानुवर्षं माणसं नेली-आणली ते रस्ते आता ओळखू येत नाहीत इतके गुळगुळीत झालेत.

मी मूळची नाशिकची. नवऱ्याच्या नोकरीमागून इथे आले, घरात बसून कंटाळले आणि अल रय्यानमधल्या एका काँट्रॅक्टरच्या ट्रान्सपोर्ट विभागात लागले. इंडस्ट्रियल एरियातल्या कॅम्पमधून पहाटे कामगार उचलायचे, स्टेडियमच्या साइटवर सोडायचे, संध्याकाळी परत न्यायचे, हे आमच्या विभागाचं काम. ड्रायव्हर नेपाळचे, केरळचे, पाकिस्तानचे. मराठी एकटे घाडगेकाका. साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले, लष्करातून निवृत्त होऊन इकडे आलेले. उंच, हडकुळे, मिशी मात्र एखाद्या जाड माणसाला शोभेल अशी. सगळे त्यांना 'फौजी' म्हणायचे आणि ते बस सुरू करण्याआधी रोज तिला एक फेरी मारून, वाकून खाली बघायचे म्हणून त्यांची चेष्टाही करायचे. 'फौजी, कल ही तो सर्व्हिसिंग हुई है,' कोणीतरी ओरडायचं. काका हसायचे आणि वाकायचे. माझ्या तोंडून पहिल्यांदा मराठी ऐकलं तेव्हा त्यांनी विचारलं, 'म्याडम, तुमी आपल्याकडच्या?' नाशिक म्हटल्यावर, 'मंग आपल्याकडच्याच की,' म्हणाले, आणि त्या दिवसापासून मी ताई झाले.

माझी एक सवय आहे. फोनवर काही लिहून घ्यायचं झालं की समोर जो कागद असेल त्याचा कोपरा टर्रकन फाडायचा. एकदा काका टेबलासमोर उभे असताना मी जुन्या ट्रिपशीटचा असाच कोपरा फाडला, तर हा शांत माणूस एकदम म्हणाला, 'ताई, कोपरा नका फाडू. लागंल तर आख्खा कागद घ्या.' आवाज असा की मी फोनवरच्या माणसाला थांबायला सांगितलं. 'अहो, रद्दी आहे ती,' मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक पॅड येऊन पडलं. जुन्या शीटा पट्टी लावून, कैचीने सरळ कापलेल्या, वर एक मोठी पिन. पॅड संपत आलं की नवं यायचं. कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे मयताचं, ते घरात न्यायचं नाही, दारातच वाचून फाडून टाकायचं, एवढं मलाही लहानपणापासून ऐकून माहीत होतं. माझ्या मुलीला मी ते समजावून सांगितलं तेव्हा तिने 'बट व्हाय द कॉर्नर?' असं विचारलं. आपल्याकडे तसंच असतं, म्हटलं. पण एखादा माणूस त्याने इतका हलावा हे काही माझ्या पचनी पडत नव्हतं. मी खोदून विचारायच्या स्वभावाची, तेव्हा विचारलंच. त्यांनी लगेच नाही सांगितलं. पुढे एका शुक्रवारी आमच्याकडे जेवायला आले होते, पिठलं-भाकरी झाली, नवरा आत जाऊन आडवा झाला, आणि मग काका सांगायला लागले.

श्रीलंकेत यादवी चालू होती आणि आपली शांतिसेना तिकडे गेली होती, तेव्हा काका जाफन्याला होते. लष्करी ट्रकवर ड्रायव्हर. वय कोवळं, लग्न होऊन काही महिने झालेले. लाल माती, दोन्ही बाजूंना ताडाची झाडं, आणि रस्त्यात सुरुंग कुठे पुरलाय ते देवाला ठाऊक. म्हणून वाकून बघायची सवय. रात्री त्यांनी घरी पत्र लिहिलं होतं, आंतरदेशीय, आणि टपालाची थैली दुसऱ्या दिवशी जायची म्हणून ते खिशात ठेवलं होतं. सकाळी ताफा निघाला. पुढचा ट्रक सुरुंगावर गेला. त्या ट्रकचा ड्रायव्हर त्यांचा जोडीदार, त्याला यांनी बाहेर ओढून काढला, मांडीवर घेतला. तो वाचला नाही. तळावर परत आल्यावर काकांना खिशातलं पत्र आठवलं. बाहेर काढलं तर एका कोपऱ्याला रक्त लागलेलं. दुसरा कागद जवळ नव्हता, थैली निघत होती, आणि स्फोटाची बातमी रेडिओवर लागली तर घरचे काळजीने अर्धे होतील हेही कळत होतं. आईला रक्त दिसू नये म्हणून त्यांनी तेवढा कोपरा फाडून टाकला आणि पत्र थैलीत सोडलं. 'मला तवा काय बी सुचलं न्हाई ताई. मला फकस्त रगत दिसत हुतं,' काका म्हणाले. 'गावाकडचा मानूस मी. मला ठावं नसावं व्हय?'

गावात पत्र दुपारी पोचलं. त्यांच्या आईला वाचता येत नव्हतं, पण फाटलेला कोपरा वाचायला शाळा लागत नाही. तिने पत्र उंबऱ्याबाहेर टाकून दिलं आणि हंबरडा फोडला. आळी गोळा झाली. बायको, इंदू, ओढ्यावर धुणं धूत होती. तिला दोघींनी धरून आणली. कुंकू पुसलं, बांगड्या दगडाने फोडल्या, मंगळसूत्र काढून घेतलं. शाळेचे मास्तर शेजारच्या वाडीला गेले होते. कुणाला तरी सुचलं की निदान कधी, कुठे ते तरी कळू दे, म्हणून त्यांना बोलावलं. मास्तर आले, अंगणात पडलेलं पत्र उचललं, उघडलं आणि वाचायला लागले... 'तीर्थरूप आईस बालके किसनचा साष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे.' पुढचं कुणी ऐकलंच नाही. ज्या बायकांनी बांगड्या फोडल्या त्याच मग हसत-रडत तिची ओटी भरायला धावल्या. बाजाराच्या दिवशी कासाराकडून नव्या बांगड्या भरल्या, सासूने गूळ वाटला. सगळ्यांच्या दृष्टीने विषय संपला. इंदूच्या दृष्टीने नाही. ती एक दुपारभर विधवा होऊन बसली होती, आणि नवरा जिवंत होता, आणि तसं त्या कागदावर लिहिलेलं होतं, फक्त तिला वाचता येत नव्हतं.

ती मास्तरांकडे गेली आणि वाचायला शिकवा म्हणाली. सासू कुरकुरली, मास्तरांनी मनावर घेतलं. काका सुट्टीवर घरी जायच्या आधी त्यांना तिचं पहिलं पत्र मिळालं, मोठ्या मोठ्या अक्षरातलं. झाला प्रकार त्यांना त्या पत्रातूनच कळला. खाली लिहिलं होतं, पुन्हा कागद फाडू नका आणि खुशाल नसाल तर खुशाल लिहू नका. त्यावर काका आयुष्यभर चालले. सैन्यातून लिहिलेली पत्रं, नंतर कतारहून लिहिलेली पत्रं, सगळ्यांत आधी दुखणं आणि मग खुशाली. 'दाढ दुखते, बाकी खुशाल.' 'पाय मुरगळला आहे, बाकी खुशाल.' 'उन्हाने नाकातून रक्त आले, थांबले, बाकी खुशाल.' मी एकदा म्हटलं, 'काका, हे पत्र आहे का दवाखान्याचा कागद?' तर म्हणाले, 'ताई, तिला एकदा म्या लई मोठं खोटं सांगितलंय. तोंडानं न्हाई, पर सांगितलंय.' फोन तर सगळ्यांकडे आले होते, कॅम्पमधली पोरं झोपेपर्यंत व्हिडिओ लावून बसायची. काकाही रोज फोन करायचे. पण महत्त्वाचं असलं की लिहायचे. फोनवर मोठ्याने हसलं की काहीही खपतं, कागदावर खपत नाही, असं त्यांचं म्हणणं. सुट्टीवर जाणारा कोणी साताऱ्याच्या बाजूचा असला की त्याच्याबरोबर पाकीट जायचं. चौकोनी घडी, कागदाला कुठे चीर नाही, मुडप नाही. त्या पाकिटांमुळे इंडस्ट्रियल एरियातल्या बऱ्याच पोरांना त्यांचं गाव माहीत झालं होतं.

जाफन्याबद्दल मात्र ते एरवी बोलत नसत. आमच्या वर्कशॉपला सेल्वा नावाचा मेकॅनिक आहे, श्रीलंकेचा तमिळ, खुद्द जाफन्याचा. दोघं रोज एकत्र चहा प्यायचे, मोडक्या हिंदीत गाड्यांबद्दल बोलायचे. काका कधी काळी तिथे होते हे सेल्वाला कळलं ते कुणाच्या तरी बडबडीतून. काही दिवस त्याने चहा वेगळा घेतला. मग एक दिवस स्वतःच येऊन बसला आणि म्हणाला की मी लहान होतो, तुमच्या लोकांनी आमचं घर तपासलं होतं, आईची तांदळाची पोती संगिनीने फाडली होती. काकांनी मला हे सांगितलं तेव्हा मी साहजिकच विचारलं, 'तुम्ही नव्हता ना त्यात?' 'मी नव्हतो असं म्या त्याला म्हनलो न्हाई. असंन बी. लई घरं बघितली आमी.' मग? मग काही नाही. सेल्वाने दोन चहा आणले. मला हे फार विचित्र वाटलं, एवढ्या मोठ्या गोष्टीचा शेवट चहात होतो म्हणजे काय. मी असते तर भांडले असते, नाहीतर रडले असते. त्या दोघांनी यातलं काहीच केलं नाही आणि काका इथून जाईपर्यंत ती मैत्री टिकली.

स्पर्धा जवळ यायला लागली तशी कामाची घाई वाढली. नवे रस्ते, नवे मार्ग, नवे ड्रायव्हर. त्यातच वार्षिक तपासणीत काकांच्या हृदयात दोष निघाला. डॉक्टरांनी बस चालवायला बंदी केली, आणि कंपनीने त्यांना नव्या ड्रायव्हरना मार्ग शिकवायला माझ्या समोरच्या टेबलावर बसवलं. तेव्हापासून आमचं बोलणं रोजचं झालं. मी त्याच महिन्यात सुट्टीवर निघाले होते. काकांनी पाकीट दिलं. 'हे तिच्याच हातात द्या. आन् तुमी काय सांगू नका, तिची ती वाचंल.' आत काय आहे ते मला माहीत होतं, दुखणं होतं आणि बाकी खुशाल होतं. एरवी मी असल्या निरोपाचा कंटाळा केला असता, नाशिकहून माण काही जवळ नाही. पण गेले.

इंदूकाकू दारातच उभ्या होत्या. बुटक्या, ठणठणीत, हातभर हिरव्या बांगड्या. मला चहा दिला आणि समोर बसून पाकीट कैचीने कापलं. पत्र बाहेर काढल्यावर त्यांनी आधी बोट फिरवलं ते कोपऱ्यांवरून, एक, दोन, तीन, चार, अगदी सवयीने, नोटा बघाव्यात तसं. मग मोठ्याने वाचलं. हृदयाचं आलं तिथे थांबल्या, तेवढी ओळ मनात पुन्हा वाचली, आणि पुढे गेल्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, 'बरं केलं लिवलं त्येनी.' मग आत जाऊन स्टीलचा डबा घेऊन आल्या. त्यात ते जाफन्याचं आंतरदेशीय होतं. निळा रंग उडालेला, एक कोपरा नाही. शेवटच्या ओळी अर्ध्यावर तुटलेल्या. 'इथं काय लिवलं हुतं म्हनून इचारलं मी त्यास्नी,' काकू म्हणाल्या. 'म्हनले, लिंबाचं लोनचं धाडा. म्हनून लोनचं काय गेलं न्हाई.' आणि हसल्या. मीही हसले. मग त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, 'त्यास्नी म्हनावं, आता हितं या. मला पुन्यांदा कागद नगो.' मी परत आल्यावर निरोप जसाच्या तसा सांगितला. काकांनी ऐकून घेतलं आणि त्याच दिवशी राजीनाम्याचं काढलं.

पण तेव्हा कोणाला सोडत नव्हते. चाचणी सामने तोंडावर, मार्ग शिकवणारा माणूस दुसरा नाही. आमचा मॅनेजर जॉर्डनचा, वागायला वाईट नाही, पण दर वेळी 'पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला' म्हणायचा. असे महिने जायला लागले. काका बारीक होत चालले, जिना चढताना मध्ये थांबायचे आणि भिंतीवरची सूचना वाचत असल्यासारखं करायचे. सूचना अरबीत असायची. एकदा मला स्पष्टच म्हणाले, 'ताई, मराया मी भीत न्हाई. पर हितं मेलो तर घरी आधी खबर जानार, मानूस मागनं. तिनं ते एकदा सोसलंय. मला तिच्यासमोर मरायचंय.' असं बोलणं मला आवडत नाही, मी रागावले. पण रागावून काही होणार नव्हतं, म्हणून दोघं मॅनेजरकडे गेलो. काका बोलले, मी इंग्रजीत सांगत गेले. मॅनेजर म्हणाला, इथले दवाखाने तुमच्या गावापेक्षा चांगले आहेत, मग घाई कशाला? काका म्हणाले, 'दवाखाना चांगलाच हाय, साहेब.' मग त्यांनी त्याच्या टेबलावरचा एक कोरा कागद उचलला, कोपऱ्याला बोट लावलं आणि मला म्हणाले, सांगा यांना. मी सगळं सांगितलं, रक्त, कोपरा, बांगड्या. आपल्याकडचा रिवाज परक्या भाषेत सांगताना किती अडखळायला होतं ते त्या दिवशी कळलं. मॅनेजरने मध्ये एकदाच विचारलं, ती बाई अजून आहे का? आहे, म्हटलं. त्याने अर्ज ओढून घेतला, सही केली आणि मान वर न करता 'खलास, यल्ला', म्हणजे झालं, निघा आता, असं म्हणाला. त्याला काय वाटलं मला माहीत नाही. कदाचित नमाजाची वेळ झाली होती आणि आम्ही केबिनमधून जावं एवढंच त्याला हवं असेल.

विमानतळावर सोडायला सेल्वा आणि मी गेलो. कंपनीची छोटी गाडी होती. काकांनी निघण्याआधी तिलाही फेरी मारली, पण या खेपेला वाकवेना, म्हणून त्यांच्याऐवजी सेल्वा वाकला. 'क्लियर,' म्हणाला. काका गाडीत बसले. विमानतळाच्या आत जाताना त्यांनी माझ्या हातात एक जाडजूड पॅड दिलं, नेहमीपेक्षा दुप्पट. 'शुक्रन,' मी चेष्टेने आभार मानले, कारण त्यांना अरबीतलं तेवढंच नीट यायचं. ते हसले, सेल्वाच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेले. वळून बघायची त्यांची पद्धत नव्हती.

घरी त्यांना पावसाळा मिळाला, दसरा मिळाला. अधूनमधून फोन यायचा, मागे कोंबड्या ओरडत असायच्या. स्टेडियम झालं का, विचारायचे. झालं म्हटलं की, 'आता फुटबालची म्याच बघायची आमी घरनं, टीवीवर,' म्हणायचे. ते मात्र राहून गेलं.

गेल्या आठवड्यात सुट्टीवरून परतलेल्या एका पोराने मला पाकीट आणून दिलं. पत्ता मोठ्या मोठ्या अक्षरातला. मी ते टेबलावर ठेवलं आणि कैची शोधायला दुसऱ्या केबिनमध्ये गेले. पत्र असं होतं, 'ताईस इंदूबाईचा नमस्कार. अमोलने फोनवर कळविले असेल तरी मी लिहिते. हे सकाळी चहा पिऊन अंगणात बसले होते. मी शेंगा निवडत होते. मला म्हणाले, जरा पाणी दे. मी पाणी घेऊन आले तोवर होते. माझ्या हातचे पाणी प्याले आणि गेले. नंतर बायका आल्या. बांगड्यांना हात घालू लागल्या. मी म्हणाले, यांच्या नावाने एकदा फोडून झाल्या आहेत, त्या जिवंतपणी फोडल्या, आता मेल्यावर कोणी हात लावायचा नाही. सासूबाईंच्या वेळच्या एक-दोघी होत्या त्या उठून गेल्या. बाकीच्या बसल्या. बांगड्या हातात आहेत. लिंबाचे लोणचे घातले आहे, कोणी येणार असेल तर पाठवीन. गुडघा दुखतो. बाकी खुशाल.'

मी तो कागद हातात घेऊन बसले. मयताचं पत्र होतं ते, रिवाजाप्रमाणे घरात न्यायचं नव्हतं. मग मीही चारही कोपऱ्यांवरून एकेक करत बोट फिरवलं. सगळे जागच्या जागी होते. घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि घरी घेऊन आले.